बत्तिसावं नाव

"पूजा, कागद वाटले होतेस ना?"

मोठ्या बाईंनी, म्हंजे आमच्या हेडबाईंनी, इचारलं.

"व्हय बाई. एकेका पोराच्या दप्तरात मी सोता घातलाय."

"मग आया कुठं आहेत?"

शाळंच्या व्हरांड्यात मिरजेस्नं आलेलं डोळ्यांचं डॉक्टर बसलं व्हतं. संगं एक नर्सबाई. टेबलावर पेटी उघडलेली, भिंतीला चित्रांचा तक्ता लावलेला. पोरं बत्तीस. आन् आया आल्या व्हत्या चार.

पोरांच्या डोळ्यांत थेंब घालून तपासायचं, म्हनून आई-बा न्हाईतर घरचं थोरलं मानूस संगं पायजे आन् त्यांची सही पायजे. सहीबिगर डॉक्टर पोराला हात लावत न्हाईत. आन् हे समदं कागदात लिवलं व्हतं. तारीख, टाइम, समदं.

मी बालवाडीत मदतनीस हाय. म्हंजे पोरांची नाकं पुसायची, डबं उघडून द्यायचं, कुनी चड्डीत केली तर धुवायचं, आन् टीचर सांगतील ते करायचं. वय माझं तेवीस. पन शाळंत समदी मला मावशीच म्हनत्यात. मोठ्या बाईंचं मिस्टर पन्नाशीचं हायेत, ते बी मावशीच म्हनत्यात.

आमच्या वर्गाला तृप्ती टीचर हायेत. साताऱ्याच्या. त्या दर म्हैन्याला एक कागूद काढत्यात. न्यूजलेटर म्हनत्यात त्येला. एका पानावर दोनी बाजूनं. ह्या म्हैन्यात पोरं काय शिकली, फुडं काय हाय, घरी काय करून घ्यायचं. खाली एक चिठ्ठी असती, ती कातरून सही करून परत द्यायची. तृप्ती टीचर चार-चार दिवस बसून लिवत्यात. चित्रं बी सोता काढत्यात. आन् वाटायचं काम माझं.

मोठ्या बाई म्हनल्या, "दप्तरं आण सगळी."

मी आनली. त्यांनी एकेक उघडलं. एका दप्तरात कागदाची व्हडी निघाली. एकात शेंगदान्याची चटनी गुंडाळलेली, तेल पार आरपार गेलेलं. चार-पाच कागूद तर तळाला तशेच, मी घातलेली घडी बी मोडली न्हवती. मंग एक दप्तर आलं, निळं, त्याला चेन न्हाई, पिन लावलेली.

ते माझ्या शौर्यचं व्हतं.

कागूद आत तसाच. घडी तशीच.

"हा तुझ्याच पोराचा ना?" मोठ्या बाई म्हनल्या. "वाटणारीनंच वाचलेला नाही."

चार आया बगत व्हत्या. डॉक्टर बगत व्हतं. तृप्ती टीचरनी मान खाली घातली, त्येचं मला जास्त लागलं. मला शाळंत त्यांनीच लावून घेतलं व्हतं.

डॉक्टर चांगलं मानूस. रागावलं न्हाईत. पेटी बंद करत म्हनलं, "पुढच्या महिन्यात दुसऱ्या गुरुवारी ह्याच रस्त्यानं जायचंय. एकदा परत येतो. पण निदान पंधरा पोरं तरी पाहिजेत, नाहीतर मग ह्या शाळेचं नाव मला यादीतनं काढावं लागेल."

ते गेल्यावर मोठ्या बाई तृप्ती टीचरला म्हनल्या, "आता एकच. पुढचा कागद वाचला गेला नाही, पोरं आली नाहीत, तर हे न्यूजलेटर बंद. आणि पूजा, तू पण मग बघ."

'बग' म्हंजे काय ते मला कळलं. नोकरी जानार.

घरी येऊन मालकांना फोन लावला. मालक शिरवळला कंपनीत हायेत, पंदरा दिवसांनी घरी येत्यात. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांच्या फोनवर हाय, माझा फोन साधा.

"आवं, शाळंचा कागूद ग्रुपवर आलता का?"

"आलता की. मी अंगठा दिला."

"त्यात लिवलंय काय?"

"मला काय म्हाईत? तू शाळंत हायस, तुला ठावं पायजे."

दुसऱ्या दिवशी टीचरच्या फोनवर बगितलं. सोळा अंगठं व्हतं. चार हात जोडलेलं. एका बाबांनी, ते मिल्ट्रीत हायेत, जय हिंद लिवलं व्हतं. वाचलेला एक न्हाई.

मी का वाचला न्हाई ते खरं सांगते. मी आठवी झालीय, मला वाचता येतं. पन शाळंचा कागूद म्हनलं की भ्या वाटतं. शाळंतनं कागूद आला म्हंजे कायतरी चुकलंय, असंच आमच्या डोस्क्यात. लहानपनी माझ्या घरी कागूद आलता तो माझं नाव काढायचाच आलता. मंग आपन काय करतो? घड्याळाच्या मागं ठेवतो. मालक आलं की वाचतील. मालक येत्यात आन् झोपत्यात.

संध्याकाळी मी पाच-सहा घरं फिरले. समद्यांच्या घड्याळामागं कागूद! एकीच्या तर जून म्हैन्यापास्नं समदं एकावर एक, घड्याळ फुडं झुकलेलं.

"वाचला का गं?" मी इचारलं.

"जपून ठिवलाय की! टाकला न्हाई एक बी!"

तृप्ती टीचरला सांगितलं. त्या हसल्या, मंग डोळं पुसलं. म्हनल्या, "पूजाताई, मोठ्या अक्षरात काढू या का?" एक चिठ्ठी मोठ्या अक्षरात काढून बगितली. पिवळ्या कागदावर काढली. पिवळा कागूद घड्याळामागं बरा दिसतो, एवढंच झालं. मंग मी गेटवर उभं ऱ्हाऊन मोठ्यानं वाचायला लागले. पन मानसं बगायला लागली की मला अक्षरं दिसंनात, पळायलाच लागत्यात. दोन वळी वाचल्या आन् बाया स्कूटीला किक मारून गेल्या बी.

बारा दिवस उरलं व्हतं.

आन् मंग तो रविवार आला. दुपारी भांडी घासत व्हते. फलटनास्नं चुलत सासऱ्यांच्या पोरीची लग्नपत्रिका आली. द्यायला आलेल्या मानसानं पत्रिकेला हळदकुंकू लावलं, वर अक्षता ठेवल्या, सासूबाईंच्या हातात दिली आन् म्हनला, "समद्यांनी यायचं बरं का, कारनं चालनार न्हाईत."

तो गेला आन् सासूबाई वराडल्या, "पूजा! हात पुस आन् हिकडं ये!"

सासूबाईंना वाचता येत न्हाई. पन पत्रिका त्यांनी माझ्याकडनं तीन बार वाचून घेतली.

"आमचं नाव कुटं हाय?"

"निमंत्रकात हाय, आत्या."

"वर का खाली?"

"खाली. चौथं."

"आन् थोरल्याचं?"

"दुसरं."

"बगितलंस! घरात थोरला कोन, राबतं कोन! आन् शौर्यचं नाव घेतलं का न्हाई?"

घेतलं व्हतं. सगळ्यात खाली, 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!' त्याच्या खाली बारकी पोरं असत्यात ना, तितं. सासूबाईंनी माझं बोट धरून त्या नावावर ठेवलं आन् मंग सोताचं बोट ठेवलं. तारीख, टाइम, कार्यालय, बस कुटनं सुटनार, समदं त्यांना त्या एका तासात पाठ झालं.

मी भांडी तशीच टाकली. खरं सांगते, मी पळत टीचरच्या खोलीवर गेले.

"टीचर! कागूद लग्नपत्रिकेसारखा काढा! त्यात पोरांची नावं घाला, आयांची नावं घाला! मानूस नाव हुडकत हुडकत समदं वाचतो!"

आदी त्या खो खो हसल्या. मंग वही वडली.

काय सांगू, त्या कागदाला आमी दोघीनी दोन दिवस घातलं. वर सरस्वतीचं नाव. मंग, 'आमचे येथे बालवाडी मोठ्या गटाचे डोळे तपासण्याचे योजिले आहे.' खाली शुभमुहूर्त, गुरुवार सकाळी दहा. स्थळ, शाळेचा व्हरांडा. मंग तीन वळीत, काय आनायचं, सही कुटं करायची, थेंब घातल्यावर पोराला दोन-चार तास उजेड टोचतो म्हनून टोपी आना. ह्या म्हैन्यात पोरं काय शिकली ते बी एका वळीत. आन् मंग नावं! निमंत्रक म्हनून आयांची. व्यवस्थापक म्हनून ज्यांची घरं शाळंजवळ हायेत त्या आयांची. आन् सगळ्यात खाली, 'आमच्या डोळ्यांची तपासणी बघायला यायचं हं!' त्याच्या खाली पोरांची नावं.

नावं हजेरीवरनं उतरून द्यायचं काम माझं.

मोठ्या बाईंनी बगितलं. "हा शाळेचा कागद आहे का लग्नाचा?"

"बाई, एकदाच," तृप्ती टीचर म्हनल्या.

"लोक हसतील."

"हसायला तरी वाचतील."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, परत घातला, आन् सही केली.

ह्या बारीला मी कागूद दप्तरात घातलं न्हाईत. पत्रिका कुनी दप्तरात घालतं का? हळदकुंकवाचा करंडा घेतला, मूठभर अक्षता घेतल्या, शौर्यला कडेवर घेतलं आन् दोन संध्याकाळी घरोघर फिरले. उंबऱ्याशी उभं ऱ्हायचं, कागदाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावायचं, बाईच्या हातात द्यायचं. "यायला लागतंय बरं का." बाया पदर घ्यायच्या. एकीनं तर मला बसवून च्या पाजला. कागूद घड्याळामागं ठेवायला कुनाचा हात गेला न्हाई, कारन हळदकुंकू लावलेला कागूद आदी उघडून बगायचा असतो.

फकस्त एक घर राहिलं. मायाक्काचं. ती मेंढपाळांच्या वस्तीवरची, टेकडीच्या पल्याड. तितं चालत जायला तास लागतो आन् शौर्य कडेवर. मी म्हनलं, हिचा दप्तरातच घालू, आन् शाळंत घातला बी. आन् खरं सांगू? मनात आलं, त्यांच्यात कोन वाचनार हाय.

मायाक्का वर्गात मागं बसती. पाटी नाकाला लावून लिवती. मी तिला लई बार दटावलंय, "नीट बस, नाक पुसतीस का पाटीनं?"

समदं वाटून झालं, त्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळंच्या गेटवर पोचले आन् लांबनंच दंगा ऐकू आला. धा-बारा बाया. परत जावं असं वाटलं.

"ही बग आली मावशी!"

"काय गं पूजा, आमच्या स्वराचं नाव रुद्रच्या खाली का? ती आदी शाळंत आली!"

"माझं माहेरचं आडनाव कशाला घातलं? सासरे म्हनाले, सून काय परत माहेरी निघाली काय!"

"आमाला व्यवस्थापकात का न्हाई घेतलं? आमचं घर शाळंला लागून हाय, भिताडाला भिताड!"

"आन् टोपी आना म्हनलंय, पोरीनं टोपी घालायची का? स्कार्फ चालंल का न्हाई ते लिवा की नीट!"

मोठ्या बाई भायेर आल्या. तोंड लाल. "बघितलंस? सांगितलं होतं मी!" मला वाटलं, झालं, आज गेली नोकरी.

आन् तृप्ती टीचर! त्या गेटच्या पायरीवर चढल्या, सगळ्यांकडं बगितलं आन् टाळ्याच वाजवल्या. लहान पोरीसारख्या.

"बाई, टोपीचं मी सातव्या ओळीत लिहिलं होतं! सातव्या!"

मोठ्या बाईंनी एकीच्या हातातला कागूद घेऊन वळी मोजल्या. मंग माझ्या बी डोस्क्यात उजेड पडला. वाचलं समद्यांनी! टोपीपातूर वाचलं!

आमी दोघी हसायला लागलो तर बाया आनखी चिडल्या. "हसताय काय, नाव वर घ्या!"

तेवढ्यात बाया बाजूला झाल्या. गेटातनं एक म्हातारा आत आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. दुसऱ्या हातात मायाक्काचं बोट. हळदकुंकू न लावलेला कागूद त्यानं पटक्यात खोचलेला. तो काढला, उलगडला, आन् सरळ माझ्याकडं आला.

"अक्का, तू कागूद वाटतीस न्हवं?"

"व्हय आजोबा."

"थोरल्या नातीकडनं तीनदा वाचून घेतला. पाचवीला हाय ती, चुकायची न्हाई. वरनं खाली, खालनं वर. आमच्या मायाक्काचं नाव न्हाई यात."

मी कागूद घेतला. नावं मोजली. एकतीस. परत मोजली. एकतीस.

हजेरीत मायाक्का पान उलटल्यावर व्हती. ती मधीच शाळंत आली, दिवाळीनंतर, तिचं नाव मागच्या पानावर एकलंच. मी पान उलटलंच न्हवतं.

म्हातारा रागावला न्हाई. त्येचंच मला भ्या वाटलं. हळू आवाजात म्हनला, "म्हंजे आमच्या पोरीनं यायचं न्हाई का? गुरवारी, धा वाजता, टोपी घिऊन. समदं पाठ हाय मला. सही येत न्हाई, अंगठा चालंल का ते तेवढं लिवलेलं न्हाई. हिला कमी दिसतं, अक्का. कोकराला कुत्रं म्हनती."

पाटी नाकाला लावलेली पोरगी डोळ्यांफुडं आली. मी तिला किती बार दटावलं ते बी. "माझी चूक झाली, आजोबा," एवढंच म्हनले आन् रडायलाच लागले, गेटवर, समद्यांच्या फुडं.

तवा मोठ्या बाई फुडं आल्या. म्हाताऱ्याच्या हातातला कागूद घेतला. पदराला लावलेला पेन काढला. आन् पोरांच्या नावात सगळ्यात वर, स्वराच्या वर, रुद्रच्या वर, मोठ्या अक्षरात लिवलं, कु. मायाक्का. मंग निमंत्रकात आजोबांचं नाव. तेबी सगळ्यात वर.

"अंगठा चालतो," त्या म्हनल्या. मंग मला म्हनल्या, "हळदकुंकू कुठाय तुझं?"

पिशवीत व्हतं. मी कागदाला लावलं, अक्षता ठेवल्या आन् दोनी हातांनी आजोबांना दिला. "समद्यांनी यायचं बरं का."

"येतूय की," म्हातारा म्हनला.

स्वराची आई हळूच पुटपुटली, "मंग आमचं दुसरं तरी घ्या."

गुरवारी नऊ वाजताच व्हरांडा भरला. डॉक्टरनी गाडीतनं उतरून बगितलं आन् इचारलं, "कुणाचं लग्न आहे काय?" एकोनतीस पोरं आली. संगं आया, आज्या, एका पोराचं अख्खं घर. व्यवस्थापक बाया खरंच व्यवस्था बगत व्हत्या, पोरांच्या वळी लावत व्हत्या. ज्यांचं नाव व्यवस्थापकात न्हवतं त्या बी लावत व्हत्या, जरा जास्तच. मिल्ट्रीवाल्यांच्या बायकोनं नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला, तर तितनं ते म्हनत्यात, "सावधान! एका वळीत!"

सगळ्यात पयला नंबर मायाक्काचा, कागदात वर नाव व्हतं म्हनून. डॉक्टरनी तिला तक्त्यावरचं हत्तीचं चित्र दावलं. ती म्हनली, "ढग." सगळी हसली. डॉक्टर हसलं न्हाईत. त्यांनी भिंगं बदलून बदलून घातली, एक, दोन, तीन. मंग ती एकदम म्हनली, "हत्ती! हत्तीला शेपूट हाय!"

म्हाताऱ्यानं घोंगड्यानं डोळं पुसलं आन् अंगठ्याची शाई त्यावरच लागली.

शौर्यचं डोळं ठीक निघालं. दोघा-तिघांना आनखी चष्मा लागला, त्यात स्वरा एक. तवा कुनी वर-खालीवरनं भांडलं न्हाई.

आठ दिवसांनी मिरजेस्नं चष्मं आलं. मायाक्काचा लाल रंगाचा. मीच घातला तिला, दांड्या कानामागं नीट बसवल्या. तिनं पयल्यांदा माझ्या तोंडाकडं बगितलं. लई येळ बगितलं. मंग म्हनली, "मावशी, तुमच्या नाकावर तीळ हाय."

आता कागूद दर म्हैन्याला पत्रिकेसारखाच निगतो. मोठ्या बाईंनी नियम घातला, दर म्हैन्याला वरचं नाव बदलायचं. मी बी दोन नियम घातलं सोताला. हजेरीचं पान उलटून बगायचं, आन् वाटायच्या आदी कागूद सोता वाचायचा. पयल्यासारखी अक्षरं पळत न्हाईत. कदी कदी पळत्यात, पन कमी.

मागच्या म्हैन्यात समदी बत्तीस नावं बरोबर छापली. आडनावं बरोबर, वर-खाली बरोबर, व्यवस्थापक बरोबर. सकाळी गेटवर एक बी बाई भांडायला आली न्हाई.

तृप्ती टीचर दुपारपातूर गेटाकडंच बगत बसल्या. मंग मला म्हनल्या, "पूजाताई, वाचला नसेल का हो कुणी?"